मैदानाबाहेरचे सहा जण

कॉलेजची टीम म्हणजे चार वर्षांचा संसार. पण बऱ्याच जणांचा खेळ डिग्रीच्या आधीच सुटतो. कुणाचा गुडघा जातो, कुणाच्या डोक्यावर गेटचा अभ्यास. मग "आता आपलं काय काम राह्यलं बाप्पा तिथं?" म्हणत गडी ग्राउंडकडे फिरकत नाही. मला वाटते, टीमला त्याची गरज तेव्हाच जास्त असते.

रग्बीतलेच उदाहरण घ्या. १८७३ साली कलकत्त्यात रग्बीचा क्लब निघाला. पुढे तिथली गोरी पलटण हलली, सभासद पोलोकडे वळले आणि चार-पाच वर्षांत क्लब बुडाला. बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून एक कप घडवला आणि इंग्लंडला पाठवला. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्या 'कलकत्ता कप'साठी खेळतात. कप राहिला, क्लब गेला!

आता आपली अमरावती बघा. वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. शंभरी उलटली तरी मंडळ चालू आहे. एक पिढी खेळते, तीच पुढच्या पिढीला शिकवते. शारीरिक शिक्षणाचे कॉलेजच मंडळाने उभे केले. नट राहुल बोसही भारताकडून रग्बी खेळला आणि २०२१ मध्ये भारतीय रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला.

एवढे मोठे जमणार नाही म्हणता? मग आपल्या कबड्डीचा हिशोब करा. मैदानात एका बाजूला सात खेळाडू. बाहेर एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन मदतनीस, म्हणजे सहा. हे सहा नसतील तर मॅच नाही, नुसते भांडण! पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर. चुना टाकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, १६.४० मीटर भरले तर कोपरे काटकोनात. पायथागोरस इथे कामी येतो, आणि हे काम दुखऱ्या गुडघ्यानेही होते.

पास होऊन गेलेल्यांनाही जमेल. अकोला-अमरावती दोन-अडीच तासांचा रस्ता. महिन्यातून एक रविवार आला तरी पुरे. स्टाफमध्येही जुने खेळाडू आहेत, त्यांना कुणी विचारतच नाही.

एक पथ्य मात्र पाळायचे. बाहेर बसल्यावर "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणायचे नाही. रेड कुणी टाकायची ते कॅप्टन ठरवेल. आपण शिट्टी, वही, बर्फाची पिशवी सांभाळावी.

तेव्हा फायनल इयरवाल्यांनो, बूट खुंटीला टांगा, पण ग्राउंडवर या. फर्स्ट इयरच्या एखाद्या पोराला गुण लिहायला शिकवून जा. पुढच्या वर्षीची टीम तिथूनच उभी राहील.