ओले लाकूड, सुके लाकूड

बाजेचे खूर, लाटणे, पोळपाट, भोवरा. या साऱ्या वस्तू कातारी करतो. लेथवर लाकूड गरगर फिरते. त्याला हत्यार लावले की भुगा उडतो आणि आकार येतो.

ओले लाकूड कातायला मऊ. म्हणून घाई करावीशी वाटते. समजा, आज आंबा तोडला आणि उद्या त्याचा पोळपाट केला. विकला तेव्हा अगदी गोल. पण महिन्याने गिऱ्हाईक परत येते. "अहो दादा, हा डुगडुगतो की! आणि ही चीर बघा." लाकूड वाया, मजुरी वाया, गिऱ्हाईकही तुटले. हात चुकला का? नाही. लाकडातले पाणी नडले.

लाकडात बारीक बारीक नळ्या असतात. आधी नळ्यांतले मोकळे पाणी जाते. तोवर लाकूड हलके होते, पण आकसत नाही. मग नळ्यांच्या भिंतींतले पाणी जाऊ लागते. 100 किलो सुक्या लाकडामागे सुमारे 30 किलो पाणी उरले, की आकसणे सुरू होते.

हे आकसणे सगळीकडे सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. गाभ्याकडून सालीकडे थोडे असते. सालीच्या गोलाईच्या अंगाने त्याच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून तर गोल वस्तू लांबट होते. अख्खा ओंडका तसाच ठेवला, तर तो गाभ्यापासून सालीपर्यंत उकलतो.

मग करावे काय?

1. ओंडका गाभ्यातून उभा चिरा. मधला गाभा काढून टाका.

2. साल काढा. सालीखाली किडे घर करतात.

3. दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. टोकांतून पाणी फार झपाट्याने जाते. तिथेच पहिली चीर पडते.

4. लाकूड सावलीत, वाऱ्यावर, जमिनीपासून वीतभर उंच रचा. दोन थरांमध्ये पट्ट्या ठेवा, म्हणजे वारा खेळेल. उन्हात टाकू नका. वरचे सुकते, आतले ओले राहते आणि लाकूड तडकते. कोंदट खोलीतही नको. तिथे बुरशी धरते.

वाडगा करायचा असेल तर दोनदा काता. ओला असताना जाडसर कातून ठेवा. 10 इंच रुंद वाडग्याची भिंत 1 इंच जाड ठेवा. सुकताना तो वाकडा होईल. होऊ द्या! जाडी राखलेली आहे. पुन्हा कातला की गोल होतो.

लाकूड सुकले हे कसे ओळखावे? एक इंच जाडीला एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. पण झाडाप्रमाणे आणि हवेप्रमाणे तो बदलतो. खरी साक्ष तराजूची. दर आठवड्याला एक तुकडा तोला. 2,400 ग्रॅम, मग 2,250, मग 2,150. असे वजन उतरत जाते. उतरायचे थांबले की लाकूड सुकले. पावसाळ्यात मात्र फसू नका. तेव्हा हवाच ओली असते. वजन थांबलेले दिसते, पण लाकूड पुरते सुकलेले नसते.

हे सारे लक्षात कसे राहणार? आता तुम्हांला लिहिता येते. खडू घ्या. प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा. ते दोन आकडे तुमचे नुकसान टाळतील.