दूरचित्रवाणी संचाची दृश्य जोडणी

दूरचित्रवाणी संचाची दृश्य जोडणी म्हणजे सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, संगणक यांसारख्या उपकरणाकडून येणारा चित्रसंकेत संचापर्यंत पोहोचवणारी केबल व तिची दोन्ही टोकांची पोर्ट. एकाच संचावर अशा जोडण्यांचे अनेक प्रकार आढळतात. चुकीच्या जोडणीमुळे चांगले चित्र बिघडते. मात्र मूळ चित्रात नसलेला तपशील उत्तम केबलही निर्माण करू शकत नाही.

पार्श्वभूमी

भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये ६२५ रेषांच्या पाल पद्धतीने सुरू झाले. त्या काळातील बहुतेक संचांना अँटेनाचे एकच पोर्ट पुरत असे. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) केबलचालकाची तारही थेट त्यातच जोडली जाई. शहराजवळच्या चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना असल्याने येथे संचनिर्मिती परिचयाची होती. जोडणीचा प्रश्न मात्र घरोघरी पोहोचला तो पुढे. केबल प्रक्षेपणाच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत औरंगाबादचा समावेश होता आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. तार आणि संच यांच्यामध्ये सेट टॉप बॉक्स आला व त्यासोबत पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची वायर आली.

ॲनालॉग जोडण्या

या वायरीतील पिवळी पिन चित्राची असून उरलेल्या दोन ध्वनीच्या असतात. पिवळ्या पिनेतून, म्हणजे कॉम्पोझिट जोडणीतून, प्रकाशमानता व रंग एकत्र मिसळून जातात. संचाला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि ते पूर्णपणे साधत नाही. म्हणून अक्षरांच्या कडांवर रंगीत ठिपके सरकताना दिसतात. एस-व्हिडिओत हे दोन घटक स्वतंत्र तारांतून जातात. कॉम्पोनंट जोडणीत हिरवी, निळी व लाल अशा तीन तारा चित्रासाठीच असतात आणि तिच्यातून एचडी चित्रही जाऊ शकते. काही संचांत हिरवे पोर्टच पिवळ्या पिनेसाठीही वापरतात. अशा वेळी संच कॉम्पोनंट स्थितीत राहिला, तर चित्र कृष्णधवल दिसते. संच बिघडल्याचा समज होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

एचडीएमआय

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय मानकात चित्र व ध्वनी डिजिटल स्वरूपात एकाच केबलमधून जातात. एचडी वाहिन्यांसाठी मासिक शुल्क भरणाऱ्या अनेक घरांत बॉक्स अजूनही पिवळ्या पिनेने जोडलेला असतो. तेथे १०८० रेषांचे चित्र बॉक्समध्येच ५७६ दृश्य रेषांवर उतरवले जाते आणि भरलेले पैसे वाया जातात. एचडीएमआय केबल लावल्यानंतर संचावर तोच इनपुट निवडावा लागतो, तसेच बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० हा पर्याय आहे का, हेही पाहावे लागते. उलट साध्या एसडी वाहिनीचे चित्र एचडीएमआयने फक्त थोडे स्वच्छ दिसते, एचडी होत नाही.

दोन-तीन मीटरच्या अंतरासाठी सोन्याचा मुलामा दिलेली महाग केबल घेण्याची गरज नसते. डिजिटल संकेत क्षीण झाला, तर चित्र फिकट पडत नाही. त्यात ठिणग्यांसारखे ठिपके उमटतात किंवा ते मधूनमधून नाहीसे होते. फोर-के चित्र सेकंदाला ६० चौकटींनी हवे असल्यास १८ गिगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची केबल घ्यावी. एआरसी असे लिहिलेले पोर्ट संचातील ध्वनी साउंडबारकडे परत पाठवते, म्हणून साउंडबार त्याच पोर्टला जोडतात.

इतर बाबी

संगणकाच्या जुन्या व्हीजीए पोर्टातून केवळ चित्र जाते, ध्वनीसाठी निराळी तार लागते. नव्या संचांत तीन पिनांऐवजी हेडफोनसारखे एकच छिद्र असते; त्याची अडॅप्टर वायर सर्व कंपन्यांची सारखी नसल्याने संचासोबत आलेली वायर जपून ठेवणे सोयीचे असते. मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की मुख्य स्विच बंद करण्याबरोबर डिशची तारही बॉक्सपासून काढावी लागते, कारण विजेचा धक्का तारेतून बॉक्समध्ये आणि तेथून एचडीएमआय पोर्टापर्यंत पोहोचू शकतो.