योझेफ क्रीहूबरची उमेदवारी

व्हिएन्नात १८०० साली जन्मलेल्या योझेफ क्रीहूबरचे नाव आज लिस्ट, शूमान प्रभृती संगीतकारांच्या व्यक्तिचित्रांमुळेच घेतले जात असले, तरी मला त्याच्या उमेदवारीचा काळ अधिक मनोवेधक वाटतो. तेथील कला-अकादमीत हूबर्ट माउररच्या हाताखाली रेखांकनाचे धडे घेऊन, १८१८च्या सुमारास, सांगुश्को ह्या सरदार घराण्याच्या दिमतीस तो गॅलिशियात गेला, आणि तेथे त्याने अश्वचित्रणाचा कसून अभ्यास केला.

व्हिएन्नास परतल्यावर त्याने शिळाछाप जवळ केला. ही विद्या झेनेफेल्डरने नुकतीच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, शोधलेली होती. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर चरबीयुक्त खडूने, तेही उलट्या बाजूने, चित्र काढायचे. डिंक व आम्लाचा हात देऊन दगड ओला करायचा, म्हणजे शाई पाण्याला टाळून केवळ रेषांनाच धरते. ह्यात खडूची मृदू छटा जशीच्या तशी कागदावर उतरते, आणि ताम्रपटावर कोरणाऱ्या कारागिराची मध्यस्थी उरत नाही; क्रीहूबरच्या चपळ हाताला हे माध्यम मानवले ह्यात नवल नाही. पुढे त्याने सुमारे ३००० शिळाचित्रे केली, आणि त्यांतील बहुतेक व्यक्तिचित्रे होती.