व्यापारचिन्हांचा शोध आणि उच्चारसाम्याचा प्रश्न

विकसनशील देशांतील बौद्धिक संपदा कार्यालयांनी गेल्या दोन दशकांत आपला बराचसा कारभार महाजालावर आणला आहे. भारतात एकस्वाचे अर्ज महाजालावरून घेण्यास २००७ मध्ये प्रारंभ झाला. व्यापारचिन्हांच्या २०१७ च्या नियमांनी तर शुल्काच्या द्वाराच नागरिकांना या मार्गाकडे वळविले. व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना कागदी अर्जासाठी ५,००० रुपये, तर महाजालावरील अर्जासाठी ४,५०० रुपये, आणि इतरांना अनुक्रमे १०,००० व ९,००० रुपये असे दर ठरविण्यात आले. अशा सेवेचे मूल्यमापन करताना संकेतस्थळ किती वेळ बंद असते, अर्जाची सद्यःस्थिती कळते किंवा नाही, निर्णयास किती काळ लागतो, या गोष्टी पाहिल्या जातात. त्या पाहावयास हव्यातच. परंतु जेथे जनता अनेक भाषा बोलते व अनेक लिप्या लिहिते, तेथे आणखी एक कसोटी लावणे प्राप्त आहे. शोध घेणाऱ्याच्या कानास जे शब्द सारखे वाटतात, ते यंत्रास सारखे वाटतात काय? ही कसोटी भाषाशास्त्राच्या क्षेत्रातील आहे, आणि कदाचित म्हणूनच कार्यालयीन चर्चांत तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही.

आपल्या मसाल्यास एखादे नाव देऊ इच्छिणारा लहान उत्पादक घ्या. मुंबईस मुख्य कार्यालय असलेल्या व्यापारचिन्ह नोंदणी यंत्रणेच्या संकेतस्थळावर तो सार्वजनिक शोध घेऊ शकतो. माल व सेवा यांचे एकंदर ४५ वर्ग केलेले आहेत. त्यांतील आपला वर्ग निवडून शब्दावरून, उच्चारावरून किंवा व्हिएन्ना वर्गीकरणाच्या संकेतांकानुसार आकृतीवरून शोध करता येतो. शोधात काही आढळले नाही, म्हणजे तो निर्धास्त होतो. पिशव्या छापतो, पाटी रंगवितो, अर्ज करतो. पुढे अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांच्या आत कोणासही हरकत घेता येते, आणि तेव्हा त्यास समजते की, उच्चाराने जवळजवळ तेच असलेले नाव त्याच वर्गात पूर्वीपासून नोंदलेले आहे. केवळ त्याचे रोमन हिज्जे निराळे होते. छापलेल्या पिशव्यांचा खर्च अर्थातच त्याच्याच माथी बसतो.

दोन नावांतील साम्य कसे पारखावे याविषयी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली तत्त्वे बरीच जुनी आहेत. १९५९ मध्ये ‘ग्लुकोव्हिटा’ व ‘ग्लुव्हिटा’ या नावांचा वाद न्यायालयापुढे आला. एक अक्षर गळाले एवढ्याने भेद सिद्ध होत नाही. शिवाय हे शब्द बहुसंख्य भारतीयांस परकीय असल्याने त्यांतील सूक्ष्म फरक त्यांच्या ध्यानी राहणार नाही, असे न्यायालयाने मानले. १९६२ च्या ‘अमृतधारा’ व ‘लक्ष्मणधारा’ या खटल्याची कथा तर शब्दव्युत्पत्तीच्या अभ्यासकांस विशेष उद्बोधक आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोन्ही समासांचा विग्रह करून पाहिला. एकाचा अर्थ अमृताची धारा, दुसऱ्याचा लक्ष्मणाची धारा; अर्थ भिन्न, तेव्हा घोटाळ्यास वाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे विवेचन मान्य केले नाही. औषध घेणारा सामान्य बुद्धीचा व अपुऱ्या स्मृतीचा ग्राहक समासाचा विग्रह करीत बसत नाही. त्याच्या मनावर राहतो तो एकंदर ध्वनीचा ठसा. अर्थात, दीर्घकाल चाललेल्या मूक संमतीमुळे ‘लक्ष्मणधारा’स उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, हा भाग निराळा. १९६९ मध्ये ‘अंबाळ’ व ‘आंडाळ’ या तपकिरीच्या नावांतही हाच प्रश्न उपस्थित झाला. अंबाळ म्हणजे पार्वती व आंडाळ म्हणजे वैष्णव संतकवयित्री, हे तमिळ हिंदूस सांगावे लागत नाही. पण तपकीर सर्व धर्मांचे लोक ओढतात व ती तमिळ प्रदेशाबाहेरही विकली जाऊ शकते. न्यायालयाने दोन्ही नावे ध्वनीने फसवी ठरण्याइतकी सारखी असल्याचा निर्णय दिला.

आता हीच नावे यंत्राच्या हाती देऊन पाहावीत. उच्चारसाम्यावरून शोध घेण्याच्या पद्धतींतील आद्य पद्धत ‘साउंडेक्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील रॉबर्ट रसेल याने तिचे एकस्व १९१८ मध्ये मिळविले, आणि पुढे त्या देशातील जनगणनेच्या नामसूचींसाठी ती वापरात आली. तिचे रूढ रूप सोपे आहे. शब्दाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवावयाचे; पुढील स्वर गाळावयाचे; व्यंजनांचे सहा गट करून प्रत्येकास गटाचा अंक द्यावयाचा, आणि तीन अंक झाले की थांबावयाचे. बी, पी, एफ, व्ही यांस १. के, जी, जे, सी, एस, एक्स इत्यादींस २. टी व डी यांस ३. एल यास ४. एम व एन यांस ५. आर यास ६. एकाच गटाची अक्षरे लागोपाठ आल्यास त्यांचा अंक एकदाच धरावयाचा.

या पद्धतीने ‘अंबाळ’ची खूण ए ५१४ अशी येते, तर ‘आंडाळ’ची ए ५३४. ‘ग्लुकोव्हिटा’ची जी ४२१ व ‘ग्लुव्हिटा’ची जी ४१३. ‘अमृतधारा’ची ए ५६३ आणि ‘लक्ष्मणधारा’ची एल २५५. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने ज्या तीन जोड्या सदृश ठरविल्या, त्यांपैकी एकही या पद्धतीच्या जाळ्यात सापडत नाही. ही पद्धत सर्वस्वी निरुपयोगी आहे असे नव्हे. लक्ष्मी हा शब्द एक्सने लिहा किंवा के-एस-एचने लिहा, खूण एल २५० हीच येते. परंतु ती इंग्रजी आडनावांच्या हिज्जांसाठी रचलेली आहे, आणि शब्दारंभीच्या अक्षरावर तिचा सर्व भार आहे. मराठी ‘वडा’ कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने; तेवढ्याने दोन्ही नोंदी दोन टोकांस जातात. ‘ज्ञान’ या शब्दाची गत याहून बिकट. महाराष्ट्रात तो डी-एन-वाय असा लिहितात, हिंदी प्रदेशात जी-वाय, गुजरातेत जी-एन, आणि संस्कृत पंडित जे-एन लिहितात. त्यांच्या खुणा अनुक्रमे डी ५५०, जी ५००, जी ५५० व जे ५५० अशा चार होतात. देवनागरीत मात्र अक्षर एकच.

उलटपक्षी, रोमन लिपीत गेल्यावर भिन्न शब्द एकरूप होतात. बाळ, बाल, बळ आणि बल ही चारही नावे सामान्य लेखनात तीन अक्षरांच्या एकाच रोमन शब्दात मावतात. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांतील भेद व स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व तेथे राहत नाही. २०१७ च्या नियमांतील २८ व्या नियमाने, हिंदी वा इंग्रजी यांव्यतिरिक्त अन्य लिपीतील शब्द चिन्हात असल्यास त्याचे अचूक लिप्यंतर व भाषांतर मागितले आहे. हिंदी व इंग्रजी या लिप्या नव्हेत, हे येथे सांगावे लागावे हे जरा चमत्कारिकच. पण या शिथिल शब्दयोजनेचा परिणाम मात्र खरा आहे. शब्दशः अर्थ घेतल्यास कन्नड किंवा तमिळ अक्षरांतील शब्दाबरोबर लिप्यंतर द्यावे लागते, आणि देवनागरीत लिहिलेल्या मराठी शब्दास ते लागत नाही. शिवाय ‘अचूक’ म्हणजे कोणत्या पद्धतीने, हे नियम सांगत नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने भारतीय लिप्यांच्या रोमन लिप्यंतरासाठी २००१ मध्ये १५९१९ क्रमांकाचे प्रमाण प्रसिद्ध केले आहे, पण अक्षराखाली टिंबे देऊन आपल्या लोणच्याचे नाव लिहिणारा व्यापारी विरळा. देवनागरी नाव जेथे रेखाटून आकृती म्हणून दाखल होते, तेथे व्हिएन्ना वर्गीकरणाचाही फारसा उपयोग नाही. त्यातील २८ वा प्रवर्ग विविध लिप्यांतील अक्षरलेखनाचा आहे खरा. पण तो लेखनाची जात सांगतो, शब्द वाचून दाखवीत नाही.

यावर उपाय आहे, आणि त्याची सामग्री आपल्या वर्णमालेतच आहे. प्रातिशाख्यकारांनी वर्णांची मांडणी स्थान व प्रयत्न यांवर केली. क आणि ग यांत केवळ घोषाचा भेद, क आणि ट यांत स्थानाचा. संगणकशास्त्रात लेव्हेनश्टाइन याने १९६५ मध्ये दोन शब्दांतील अंतर मोजण्याची रीत दिली; एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरे घालावी, गाळावी वा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे अंतर. या रीतीत प्रत्येक बदलास सारखे मूल्य न देता स्थान व प्रयत्न यांच्या भेदानुसार दिले, तर चित्र पालटते. ‘अंबाळ’ व ‘आंडाळ’ रोमनमध्ये दोन अक्षरांनी भिन्न दिसतात, कारण तेथे एमचा एन होतो व बीचा डी. वस्तुतः अनुनासिक परसवर्ण आहे. पुढील व्यंजनाचे स्थान बदलले की ते आपोआप बदलते. अनुस्वाराने लिहिल्यास व्यंजनभेद एकच उरतो, तोही केवळ स्थानाचा. आरंभीच्या स्वराची मात्रा तेवढी निराळी. यासाठी प्रत्येक नोंद तिच्या मूळ भाषेतील उच्चारानुसार एका समान भारतीय वर्णसंचात साठवावी लागेल, आणि ते काम अर्ज घेतानाच झाले पाहिजे. जुन्या नोंदींचे काय करावयाचे, हा प्रश्न अधिक कष्टाचा आहे. रोमनमध्ये एकदा हरवलेला ळ यंत्रास परत आणता येत नाही. तेथे भाषा जाणणारा माणूस बसवावा लागेल.

अंतर मोजता आले तरी किती अंतरास साम्य म्हणावे, हे गणित ठरवू शकत नाही. मर्यादा सैल ठेवली तर शोधकर्त्यापुढे शेकडो नावांचा ढीग पडतो, आणि तो काही न वाचताच निघून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दोन कॅडिला कंपन्यांच्या ‘फाल्सिगो’ व ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरील औषधांच्या वादात सांगितले की, औषधांच्या बाबतीत कसोटी अधिक कडक हवी. एक समान भाषा नसलेल्या या देशात इंग्लंडमधील निकष जसेच्या तसे चालणार नाहीत. तेव्हा पाचव्या वर्गातील औषधांसाठी ही मर्यादा एक, आणि तिसाव्या वर्गातील मसाल्यांसाठी दुसरी, अशीच ठेवावी लागेल.