जिभेला न कळणारी ओळख

साखर, सॅकरिन आणि अ‍ॅस्पार्टेम हे तिन्ही पदार्थ पांढरे, तिन्ही पाण्यात विरघळणारे आणि तिन्ही गोड. सॅकरिनचा गोडवा १८७९ साली आणि अ‍ॅस्पार्टेमचा १९६५ साली असाच योगायोगाने लक्षात आला. दोन्ही वेळा संशोधकाच्या हाताला लागलेले रसायन नकळत तोंडात गेले होते. परंतु जीभ फक्त ‘गोड’ एवढेच सांगते. समोरचा पदार्थ कोणता, हे तिला सांगता येत नाही.

हे कळणे कधी कधी फार महत्त्वाचे असते. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्या बालकाच्या शरीरात फेनिलअ‍ॅलानिन या अमिनो आम्लाचे योग्य रूपांतर होत नाही. ते रक्तात साठते आणि मेंदूच्या वाढीला इजा पोहोचवते. अ‍ॅस्पार्टेमच्या पचनातून हेच अमिनो आम्ल सुटे होते. म्हणून अ‍ॅस्पार्टेम असलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर तसा इशारा छापावा लागतो. पण वेष्टनावर लिहिले आहे तेच आत आहे की नाही, हे तपासायचे कसे? त्याचा एक मार्ग म्हणजे रेणूंची कंपने मोजणे.

रेणूतील अणू स्थिर नसतात. दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा सतत ताणला व दबला जात असतो. वर्गात एक प्रयोग करून पाहा. स्प्रिंगला १०० ग्रॅमचे वजन टांगा आणि २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. आता ४०० ग्रॅमचे वजन टांगा. वेळ जवळजवळ दुप्पट लागेल. मग तेच वजन शेजारी शेजारी लावलेल्या दोन सारख्या स्प्रिंगांना मिळून टांगा. आंदोलने सुमारे १.४ पट जलद होतील. म्हणजेच वजन वाढले की कंपन मंदावते आणि स्प्रिंग ताठ झाली की ते जलद होते.

रेणूतही हेच घडते. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील एकेरी बंधाचे कंपन साधारण ११०० या तरंगसंख्येजवळ, तर दुहेरी बंधाचे १७०० जवळ आढळते. तरंगसंख्या म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या तरंगांची संख्या. १७०० ही तरंगसंख्या सेकंदाला सुमारे पन्नास लाख कोटी कंपनांइतकी होते! झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो. तसेच, या लयीशी जुळणारे अवरक्त किरण रेणू शोषून घेतो. कोणते किरण शोषले गेले याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा अवरक्त वर्णपट.

यासाठी चिमूटभर नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून, दाबाखाली त्याची पातळ चकती करतात. काच बहुतेक अवरक्त किरण अडवते, पण हा क्षार त्यांना जाऊ देतो.

आता तिन्ही आलेख शेजारी ठेवू. साखरेच्या रेणूत कार्बन-ऑक्सिजन बंध पुष्कळ, पण सगळे एकेरी. त्यामुळे १००० ते ११५० या भागात दाट पट्टे दिसतात आणि १७०० जवळची जागा रिकामी राहते. सॅकरिनमध्ये गंधक असतो. गंधक-ऑक्सिजन बंधांचे ठळक पट्टे ११५० ते १३५० या भागात येतात. अ‍ॅस्पार्टेममध्ये १७४० जवळ एस्टर गटाचा आणि १६६० जवळ अमाइड गटाचा पट्टा दिसतो. चवीत न दिसणारा फरक इथे असा स्पष्ट होतो.

नमुना पाण्यात असेल तर मात्र अडचण येते. पाणी स्वतःच १६४० जवळ जोरदार शोषण करते आणि शेजारचा अमाइडचा पट्टा झाकून टाकते. अशा वेळी रामन परिणाम उपयोगी पडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली दाखवले, की रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग रंग बदलून येतो आणि हा बदल रेणूच्या कंपनांइतकाच असतो. पाण्याचा रामन वर्णपट क्षीण असतो. अ‍ॅस्पार्टेममधील फेनिल वलयाची रेषा मात्र १००० जवळ बारीक आणि तीक्ष्ण दिसते.

तरीही या तंत्राच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. गोडीच्या गोळीत बऱ्याचदा दुग्धशर्करेसारखा भरणा जास्त असतो आणि त्याचे पट्टे इतरांवर मात करतात. शीतपेयात गोडकारक इतका थोडा असतो, की तो आधी क्रोमॅटोग्राफीने वेगळा करावा लागतो. कंपने पदार्थाची ओळख पटवतात. अचूक प्रमाण सांगायला बहुधा दुसऱ्या पद्धतींची जोड लागते.

रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. त्या दिवशी भाषणांच्या जोडीला दोन स्प्रिंगांचा हा प्रयोग वर्गात जरूर करावा. न दिसणारा रेणू स्वतःची ओळख कशी सांगतो, हे विद्यार्थ्यांना त्यातून सहज उमगेल.