तिरामिसू : घरीं करावयाचें एक इटालियन मिष्टान्न

अलीकडे आपल्या मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत जेवणाच्या शेवटीं चौकोनी कापलेला, वर तपकिरी भुकटी भुरभुरलेला आणि चमचा लावतांच खचणारा जो एक थंडगार पदार्थ येतो, त्याचें नांव तिरामिसू. इटालियन भाषेंत या नांवाचा अर्थ "मला वर ओढ", म्हणजे "माझ्या अंगांत जरा उभारी आण", असा होतो. त्याची किंमत पाहून गृहिणीस वाटतें कीं, हें कांहीं तरी अवघड प्रकरण असावें. वस्तुतः यांत भट्टी नाहीं, साचा नाहीं, पाकाच्या तारा मोजणें नाहीं. ज्या घरीं श्रीखंड उत्तम होतें, त्या घरीं तिरामिसू बिघडण्याचें कारण नाहीं. मात्र दोन-तीन ठिकाणीं नीट लक्ष द्यावें लागतें, आणि त्यांतील एक ठिकाण चवीचें नसून आरोग्याचें आहे.

हा पदार्थ फार प्राचीन असावा अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. इटलीच्या ईशान्य भागांत व्हेनेतो प्रांतीं त्रेवीझो नांवाचें शहर आहे. तेथील 'ले बेक्केरिए' या उपाहारगृहाचे मालक आदो काम्पेओल यांच्या पत्नी आल्बा आणि तेथील आचारी रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांनीं १९७० च्या सुमारास तो सिद्ध केला व १९७२ पासून तो तेथें मिळूं लागला, असें सामान्यतः मानलें जातें. काम्पेओल २०२१ मध्यें व लिंग्वानोत्तो २०२४ मध्यें निवर्तले. म्हणजे हें मिष्टान्न वयानें किती लहान आहे तें ध्यानांत येईल. परंतु शेजारच्या फ्रिउली प्रांताचें म्हणणें निराळें आहे. तोल्मेत्सो या गांवच्या एका हॉटेलांत नॉर्मा पिएल्ली या बाई १९५० नंतरच्या दशकांतच तिरामिसू करीत असत, असें ते सांगतात. २०१७ मध्यें इटलीच्या कृषिखात्यानें आपल्या पारंपरिक पदार्थांच्या यादींत तो फ्रिउलीच्या नांवें नोंदविला, तेव्हां व्हेनेतोचे प्रांताध्यक्ष चांगलेच रागावले. दोन्ही पक्षांत तथ्य असण्यास हरकत दिसत नाहीं. कारण मूळ कल्पना दोघांच्याही अंगणांतली आहे. त्रेवीझोच्या घरांतून अंड्याचा बलक साखरेबरोबर खूप फेंटून मुलांना, वृद्धांना आणि अशक्त माणसांना देण्याची जुनी चाल होती. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचा लाडू द्यावा, तसाच हा प्रकार. त्यांत पुढें कॉफी व मास्कार्पोने यांची भर पडली.

मास्कार्पोने म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे, कारण सारी चव त्यावर आहे. त्याला चीज म्हणतात खरें, पण त्यांत विरजण नाहीं कीं मुरवणें नाहीं. लोंबार्दी प्रांतांतील ही वस्तु. दुधाचें दाट क्रीम तापवून त्यांत आंबट घातलें कीं तें आळतें, आणि फडक्यांतून पाणी निथळलें कीं मऊ, गोडसर, लोण्यासारखा गोळा उरतो. आमच्या चक्क्याचा हा चुलतभाऊच म्हणावयाचा. तरी त्याच्या जागीं चक्का घालण्याचा मोह टाळावा. चक्क्याचा आंबटपणा कॉफीशीं भांडतो. विकतचें मास्कार्पोने महाग वाटल्यास पाऊण लिटर दाट क्रीम घ्यावें. त्यांत स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या आसपास असावा. २५ टक्क्यांच्या डबाबंद क्रीमचा गोळा सैल होतो. क्रीम मंद आंचेवर ८५ अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे उकळी फुटण्यापूर्वीं, तापवावें. मग दोन ते तीन मोठे चमचे लिंबाचा रस घालून पांच मिनिटें हळूहळू ढवळावें. चमच्याच्या पाठीवर जाड लेप बसूं लागला कीं उतरवून निववावें व चाळणीवर फडकें अंथरून रात्रभर फ्रिजमध्यें निथळत ठेवावें. दुधावरची साठविलेली साय येथें चालत नाहीं. तिच्या गुठळ्या शेवटपर्यंत जिभेला लागतात.

आतां बाकीचें प्रमाण. सहा-सात माणसांसाठीं मास्कार्पोने ५०० ग्रॅम, पांच अंड्यांचे बलक, साखर १२० ग्रॅम, साव्होयार्दी नांवाचीं लांबट, हलकीं व कोरडीं बिस्किटें २४, कडक कॉफी ३०० मिलिलिटर आणि बिनसाखरेची कोको-भुकटी. त्रेवीझोच्या मूळ कृतींत मद्य नव्हतें. तें पुढच्यांनीं घातलें. न घातल्यानें कांहीं उणें होत नाहीं.

प्रारंभीं ज्या आरोग्याच्या गोष्टीचा उल्लेख केला ती येथें येते. परंपरेनुसार बलक कच्चेच घालतात. परंतु कच्च्या अंड्यांतून साल्मोनेला नांवाचे जंतु पोटांत जाऊं शकतात. धडधाकट माणसाला त्यामुळें ताप व जुलाब होऊन सुटका होते. लहान मूल, गर्भवती स्त्री आणि वृद्ध यांच्या मात्र तें जिवावर बेतूं शकतें. ज्या घरीं पाहुण्यांना वाढावयाचें तेथें हा धोका पत्करूं नये, असें स्पष्ट मत आहे. उपाय सोपा आहे. एका पातेल्यांत थोडें पाणी मंद उकळत ठेवावें. बलक, साखर व दोन चमचे पाणी एका वाडग्यांत घेऊन तो वाडगा त्यावर असा बसवावा कीं बूड पाण्याला टेकणार नाहीं. मग हात न थांबवितां फेंटत राहावें. साखरेमुळें बलक लवकर शिजून गोठत नाहीं, म्हणून आपल्याला सवड मिळते. स्वयंपाकाचा उष्णतामापक ७१ अंशांच्या वर गेला, मिश्रण फिकट व दाट झालें कीं उतरवावें. केवळ नजरेच्या अंदाजावर येथें विसंबूं नये. मिश्रण पूर्ण थंड होऊं द्यावें. कोमट असेल तर मास्कार्पोने वितळून सारें पातळ होईल.

मास्कार्पोने निराळ्या भांड्यांत चमच्यानें नुसतें मऊ करावें आणि बलकाचें मिश्रण थोडें थोडें घालून हलक्या हातानें कालवावें. येथें यंत्र लावून जोर केला तर ताकांतून लोणी निघावें तसा स्निग्धांश वेगळा होतो आणि मिश्रण फुटतें. लोणी काढण्याची आपली संवय येथें आवरावी.

कॉफी इटालियन घरांत मोका नांवाच्या अष्टकोनी पात्रांत करतात. १९३३ मध्यें आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यांतून तें बाहेर पडलें. आपल्याकडचा दक्षिणी फिल्टर उत्तम चालतो, फक्त कॉफी चिकोरीविरहित असावी. ती निवल्यावर पसरट ताटलींत ओतावी. बिस्किट एका बाजूनें व दुसऱ्या बाजूनें, मिळून दोन सेकंद बुडवावें, अधिक नको. बाहेरून ओलें आणि मध्यें अजून कोरडें असेंच तें भांड्यांत जावें. उरलेला ओलावा तें वरच्या थरांतून रात्रीं शोषून घेतें. बहुतेकांचा तिरामिसू तळाशीं चिखल होतो तो याच ठिकाणीं.

२० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यांत बारा बिस्किटांचा थर, त्यावर निम्में मिश्रण, पुन्हा बिस्किटें व पुन्हा मिश्रण असें रचावें. झांकून निदान सहा तास, शक्य तर रात्रभर फ्रिजमध्यें ठेवावें. कोको मात्र अगदीं वाढतेवेळीं चाळणीनें भुरभुरावा. आधीं घातला तर ओलावा ओढून काळपट डाग पडतात.

ज्या घरीं अंडें चालत नाहीं त्यांनीं बलकाऐवजीं २०० मिलिलिटर थंड दाट क्रीम पिठीसाखरेसह फेंटून मास्कार्पोनेंत मिसळावें. साव्होयार्दींतही अंडें असतें, तेव्हां तेथें बिनअंड्याचा साधा केक कापून, मंद भट्टींत कोरडा करून वापरावा. चव निराळी, पण छान लागते. दोन्ही प्रकार थंडच ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. उन्हाळ्यांत मेजावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ राहूं देऊं नयेत.