टर्बोची ताकद आणि सोलापूरचे ऊन

सोलापूर म्हटले की चादर आणि शेंगाचटणी आठवते. मोटार उद्योगातल्या मंडळींना मात्र हे शहर आणखी एका वस्तूमुळे ठाऊक आहे. ती वस्तू म्हणजे कॅमशाफ्ट. १९९२ मध्ये सोलापुरात सुरू झालेल्या 'प्रिसिजन कॅमशाफ्ट्स' या कारखान्यातून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना इंजिनाचा हा महत्त्वाचा भाग पुरवला जातो. साचा, ओतकाम, लेथ आणि मायक्रोमीटर यांची सवय असलेल्या अशा शहरात एखाद्या तरुणाला जुन्या मोटारीला टर्बो बसवून घरच्या घरी ड्रॅग मोटार बांधावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. जुनी गाडी मिळते, टर्बो भंगार बाजारात मिळतो, वेल्डिंग करणारा मिस्त्री शेजारच्या गल्लीत असतो. टर्बो बसवणे हे या कामातले तुलनेने सोपे काम आहे. त्याने निर्माण केलेली उष्णता, दाब आणि वेग पेलणारी मोटार उभी करणे हे खरे काम. सोलापूरच्या उन्हात ते आणखी अवघड होते.

घड्याळाविरुद्धची शर्यत

ड्रॅग रेसिंगचे स्वरूप अगदी साधे आहे. सरळ पट्टीवर थांबलेल्या स्थितीतून निघायचे आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर कमीत कमी वेळात कापायचे. वळण नाही, डावपेच नाहीत. दिव्यांचा इशारा होताच सुटायचे. अमेरिकेत १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन झाली. रस्त्यांवर चालणाऱ्या शर्यती बंदिस्त आणि सुरक्षित पट्टीवर नेणे हा तिच्या स्थापनेमागचा एक मुख्य हेतू होता.

अंतर कापायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: मोटारीचे वजन आणि इंजिनाची शक्ती. मात्र हे नाते सरळ प्रमाणाचे नाही. वेळ ही वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलते. त्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी वेळ निम्मी होत नाही. ती जेमतेम एक पंचमांशाने घटते. उदाहरणार्थ, मारुती एस्टीम ही जुनी मोटार घ्या. तिचे १.३ लिटर इंजिन सुमारे ८५ अश्वशक्तीचे आणि गाडीचे वजन ८७५ किलोंच्या आसपास. चालकासह हे वजन ९५० किलो धरले, तर प्रचलित सूत्रानुसार पाव मैलाला साधारण १७ सेकंद लागतात. टर्बोच्या मदतीने शक्ती १३० अश्वशक्तीवर नेली तर हा आकडा १४.७ सेकंदांच्या जवळ येतो. म्हणजे शक्ती दीडपटीहून अधिक वाढवून हाती पडतात ते सव्वादोन सेकंद.

याच सूत्राची दुसरी बाजू घर-कारागिरासाठी मोलाची आहे. वजन घटवण्याचा परिणाम शक्ती वाढवण्याइतकाच होतो. मागील आसने, गालिचे, वातानुकूलन यंत्र, सुटे चाक काढून १०० किलो कमी केले, तर इंजिनाला हात न लावता दहा अश्वशक्ती मिळवल्यासारखे होते. शिवाय वजन घटवताना इंजिन फुटण्याचा धोका नसतो. म्हणून अनुभवी कारागीर पाना हाती घेण्याआधी काटा हाती घेतो.

वाया जाणाऱ्या धुराचे काम

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश एक्झॉस्टच्या गरम वायूंबरोबर बाहेर जाते. ही ऊर्जा कामाला लावण्याचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये घेतले. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. एक्झॉस्टचा झोत पहिल्या चक्राला फिरवतो. त्याबरोबर फिरणारे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. छोट्या मोटारीच्या टर्बोमध्ये हा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. हवा जास्त गेली की त्या प्रमाणात इंधनही जास्त जाळता येते आणि शक्ती वाढते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये यासाठी 'वेस्टगेट' नावाची झडप असते. ती काही धूर चक्राला वळसा घालून थेट बाहेर सोडते.

भंगारात सहज मिळणारे छोटे टर्बो बहुधा डिझेल मोटारींचे असतात. येथे पहिली चूक होते. डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट तुलनेने थंड असतो. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट पूर्ण जोरात ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. डिझेलसाठी घडवलेले चक्र आणि त्याचे कवच ही उष्णता फार काळ सोसू शकत नाहीत. शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर काम करते. तेवढ्याच क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाने वेग घेतला की तोच टर्बो धुराची वाट अडवतो.

दुसरी चूक तेलाच्या नळीची. टर्बोचा दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल आत जाते दाबाने. पण परत येते केवळ उताराने. परतीची नळी अरुंद ठेवली किंवा वर वळवली, तर ऑइल तुंबते, सीलमधून गळते आणि गाडी निळा धूर ओकू लागते. टर्बो खराब निघाला असे समजून तो बदलला जातो आणि दोष नळीतच राहतो. धाव संपताच इंजिन बंद करण्याची सवयही घातक. तापलेल्या दांड्याभोवती थांबलेले ऑइल करपून त्याचा कोळसा होतो. म्हणून एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे लागते.

त्रेचाळीस अंशांची हवा

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचा तळ गरम होतो, तेच येथे घडते. हवेचा दाब १.७ पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर जानेवारीतल्या पहाटेची १८ अंशांची हवा इंजिनाकडे जाताना ८५ अंशांच्या आसपास पोहोचते. सोलापुरातल्या मे महिन्याच्या दुपारी, ४३ अंशांना, तीच हवा ११५ अंशांवर जाते. गरम हवा विरळ असल्याने शक्ती घटतेच. त्याहून मोठा धोका 'नॉकिंग'चा असतो.

ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरमध्ये शिस्तीने पसरण्याऐवजी उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकते, त्याला नॉकिंग म्हणतात. लोखंडावर बारीक हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. साध्या इंजिनात ही कुरकुर काही काळ खपून जाते. टर्बो इंजिनात काही सेकंदांत पिस्टनच्या कडा तुटतात, हेड गॅस्केट उडते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो.

यावरचा पहिला उपाय इंटरकूलर, म्हणजे दाबलेल्या हवेचा रेडिएटर. पण तो हवेला बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. येथे ड्रॅगचे स्वरूप मदतीला येते. धाव पंधरा सेकंदांचीच असल्याने इंटरकूलरमधून बर्फाचे पाणी खेळवता येते. जगभरातील ड्रॅग मोटारींत ही युक्ती वापरली जाते. ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये विक्रीस आलेली 'ओल्डस्मोबाइल जेटफायर' ही पहिल्या टर्बो प्रवासी मोटारींपैकी एक. तिच्यात नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. अनेक मालक ती टाकी भरायलाच विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब कमी करी आणि गाडी मंदावे. दोन वर्षांतच हे मॉडेल बंद झाले.

उसाच्या जिल्ह्यातील इंधन

दुसरा उपाय इंधनाचा. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक जितका जास्त, तितका नॉकिंगला विरोध अधिक. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला जवळचे असलेले इथेनॉल या बाबतीत सरस आहे. त्याचा ऑक्टेन क्रमांक पेट्रोलपेक्षा बराच जास्त आहे. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते आणि आत येणारी हवा थंड करते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक पंपांवर 'इथेनॉल १००' हे इंधन आणले गेले.

पण पेट्रोलच्या जागी इथेनॉल ओतून भागत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल दीडपटीहून अधिक द्यावे लागते. त्यासाठी इंजेक्टर आणि इंधनपंप मोठे हवेत. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्याही इथेनॉलने कमकुवत होतात. तापलेल्या टर्बोजवळ फुटलेली इंधननळी म्हणजे आगीला निमंत्रणच.

मूळ संगणकाची अडचण वेगळी आहे. टर्बो नसलेल्या गाडीचा दाबमापक सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो. टर्बोने त्यापुढे ढकललेली हवा त्याला दिसतच नाही. त्यामुळे इंधन कमी पडते आणि मिश्रण नेमक्या नको त्या क्षणी विरळ होते. स्वतंत्र इंजिन-संगणक, योग्य सेन्सर आणि एक्झॉस्टमधील प्राणवायू मोजणारा 'वाइडबँड' मापक यांच्याशिवाय टर्बोचा दाब वाढवणे म्हणजे डोळे बांधून गाडी हाकणे.

कॅमशाफ्टचा धडा

इंजिनाच्या झडपा केव्हा आणि किती उघडायच्या हे कॅमशाफ्टवरील उंचवटे ठरवतात. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमशाफ्टमध्ये या उंचवट्यांजवळ साच्यात धातूचे तुकडे ठेवतात. तेथे वितळलेले लोखंड झटकन थंड होऊन अतिशय कठीण होते. उरलेला दांडा मात्र यंत्रावर कापता येईल इतका मऊ राहतो.

शर्यतीच्या साध्या इंजिनात आत येणारी आणि बाहेर जाणारी झडप काही काळ एकाच वेळी उघडी ठेवणारा कॅमशाफ्ट वापरतात. टर्बो लावल्यावर तोच घात करू शकतो. एक्झॉस्टमधला दाब आत येणाऱ्या हवेपेक्षा जास्त असला, तर जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरतो. पहिल्या बांधणीला म्हणूनच मूळ कॅमशाफ्ट बहुधा चांगला. याउलट पिस्टन रिंगच्या टोकांमधील फट मूळ मापापेक्षा थोडी वाढवावी लागते. जास्त उष्णतेने रिंग फुगते. टोके एकमेकांना भिडली तर ती सिलिंडर ओरबाडते किंवा पिस्टन फोडते. मिलिमीटरच्या काही शतांशांचा हा हिशेब मोजून करायचा असतो, अंदाजाने नव्हे.

वेग थांबवणार कोठे?

वर घेतलेली १३० अश्वशक्तीची मोटार पाव मैलाची रेषा ओलांडते तेव्हा तिचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असतो. चांगल्या ब्रेकनेही तेथून थांबायला सव्वाशे मीटर लागतात. चालकाच्या प्रतिसादाचा एक सेकंद धरला तर आणखी ४० मीटर. मूळ गाडीचे ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन या वेगातून वारंवार थांबण्यासाठी घडवलेले नसतात. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत सुटताना भार मागे सरकतो आणि नेमकी ओढणारी चाकेच हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. म्हणून टायर आणि क्लच यांचा खर्च टर्बोच्या आधी धरायला हवा. रोल केज, पाच पट्ट्यांचा हार्नेस, हेल्मेट आणि अग्निशामक यांना पर्याय नाही.

महामार्ग ही त्याची जागा नाही. रात्रीच्या वेळी मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे असली, तर दीडशे मीटर हे अंतर फार थोडे ठरते. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी विनापरवानगी शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने वाहनात नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. अशी मोटार रस्त्यावर न चालवता ट्रेलरवरून न्यावी लागते.

अधिकृत वाट उपलब्ध आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील मार्गावर राष्ट्रीय पातळीवरील ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात 'द व्हॅली रन' ही स्पर्धा भरत आली. अशा स्पर्धांत गाडीची तांत्रिक तपासणी होते, रुग्णवाहिका उभी असते आणि रेषेनंतर थांबायला मोकळी जागा असते. सोलापूरच्या कारागिराने आपल्या गाडीचे माप तेथेच घ्यावे, आणि तेही कमी दाबापासून सुरुवात करून. एका धावेनंतर स्पार्क प्लग, ऑइल आणि मापकाच्या नोंदी तपासून पुढचा दाब ठरवावा. सेकंदाचा एक दशांश कमी करायला महिने गेले तरी चालतील. इंजिन शाबूत आणि चालक सुखरूप घरी परतला, तरच पुढच्या धावेला अर्थ आहे.